आरोग्यविम्याचा हप्ता कोणी भरायचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: आरोग्यविम्याचे पैसे मालकाने भरायचे, सरकारने, मुलांनी की आपण स्वतः? पत्रं वाचताना जाणवलं की कायद्याने ज्याच्यावर जबाबदारी टाकली आहे, तोच अनेकदा ती दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक उत्तरात जबाबदार कोण हे आधी सांगितलं आहे आणि ती त्याच्याकडून कशी पार पाडून घ्यायची ते नंतर.

प्रश्न: चाकणच्या कारखान्यात मी ठेकेदारामार्फत कामाला आहे. पगार १८,४०० रुपये. चिठ्ठीत ईएसआयपोटी (कर्मचारी राज्य विमा योजना) दरमहा ७३६ रुपये कापलेले दिसतात. ठेकेदार म्हणतो, "दोन्ही वाटे कामगाराच्याच पगारातून जातात, सगळीकडे असंच आहे." बायकोला ईएसआयच्या दवाखान्यात नेलं तर तिचं नावच नोंदलेलं नव्हतं.

ठेकेदार चुकीचं सांगतो आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. १८,४०० वर हिशेब केला तर तुमचे १३८ रुपये आणि मालकाचे ५९८. बेरीज ७३६. म्हणजे मालकाचा पूर्ण वाटा तुमच्याकडून वसूल होतो आहे. मालकाचा वाटा कामगाराच्या वेतनातून कापायला कायद्याने मनाई आहे. 'सीटीसीत (कंपनीने तुमच्यावर धरलेल्या एकूण वार्षिक खर्चात) धरलं आहे' किंवा 'नेमणूकपत्रावर तुमची सही आहे' असं सांगून ही मनाई टळत नाही.

दुसरी गोष्ट ठेकेदार सांगणार नाही, ती अशी: ज्या कारखान्यासाठी तुम्ही राबता तो मूळ मालक या वर्गणीला थेट जबाबदार असतो. ठेकेदाराने भरली नाही तर कारखान्याने भरायची आणि मग ठेकेदाराच्या बिलातून वळती करायची. त्यामुळे तक्रार दोघांच्या नावाने करा. ठेकेदार वर्षाला बदलतात, कारखाना जागेवरच राहतो.

आता क्रमाने काय करायचं ते. आधी तुमचा दहा आकडी विमा क्रमांक मिळवा. मालकाचा कोड सतरा आकडी असतो आणि चिठ्ठीवर पुष्कळदा तोच छापलेला असतो, त्यामुळे गल्लत होते. त्या क्रमांकाने ईएसआयच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन केलं की महिन्यागणिक जमा झालेली वर्गणी दिसते. मालकाने ती पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. तीन गोष्टी पडताळून बघा: प्रत्येक महिना जमा आहे का, दाखवलेलं वेतन खरं आहे का, आणि कामाचे दिवस पूर्ण लावलेत का. दिवस कमी दाखवण्याची खोड फार आहे आणि नुकसान त्यातच होतं. आजारपणात ७० टक्के वेतन मिळण्याचा लाभ (वर्षाला ९१ दिवसांपर्यंत) हवा असेल, तर सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. प्रत्यक्षात १४० दिवस काम केलं आणि कागदावर ७० लागले, तर हा लाभ हातचा जातो.

पत्नीचं नाव नसण्याचं कारण बहुधा साधंच आहे. नोंदणीच्या वेळी ठेकेदाराच्या माणसाने घाईत कुटुंबाचा रकाना रिकामा सोडला असणार. पत्नी आणि मुलांची नावं आधारसह घालून घ्या. मासिक उत्पन्न ९,००० रुपयांपर्यंत असलेले अवलंबून आईवडीलही यात बसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

जादा कापलेली रक्कम परत मागणारं पत्र ठेकेदार आणि कारखान्याचा मनुष्यबळ विभाग या दोघांना द्या, पोच घ्या, आणि पगाराच्या चिठ्ठ्यांच्या प्रती जोडून ईएसआयच्या उपप्रादेशिक कार्यालयात तक्रार नोंदवा. कापलेले पैसे जमाच केलेले नसतील तर तो फौजदारी गुन्हा ठरतो, हे पत्रात स्पष्ट लिहा. पाच-सहा जणांनी मिळून सही केलेली बरी, एकट्याला 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणणं सोपं असतं.

पगारवाढीबद्दलही विचारलं आहे. मर्यादा २१,००० रुपये आहे, पण वर्गणी काळ सुरू असताना पगार त्यापुढे गेला तर लगेच बाहेर पडत नाही. जुलैत पगार २२,००० झाला तरी ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालू राहते, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवरचा उपचाराचा लाभ पुढच्या ३० जूनपर्यंत. या नऊ महिन्यांत पुढची सोय करून ठेवा.

प्रश्न: ठाण्यात नोकरी करतो. कंपनीची पाच लाखांची गट पॉलिसी आहे. आतापर्यंत आईवडिलांचा हप्ता कंपनी भरायची. या वर्षीपासून तो पगारातून कापणार आहेत. हे कायदेशीर आहे का? आणि कंपनीची पॉलिसी असताना वेगळी घेण्याची गरज आहे का?

कायदेशीर आहे. ईएसआयच्या मर्यादेबाहेरच्या पगारदाराला गट विमा देणं ही कंपनीची सवलत असते. त्यातून आईवडिलांना वगळायचं, त्यांचा हप्ता कर्मचाऱ्यावर टाकायचा किंवा त्यांच्यासाठी सहहिस्सा (बिलाचा ठरावीक टक्का आपण भरायचा ही अट) लावायचा, हे कंपनी दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी ठरवू शकते. मात्र कपात तुमच्या लेखी संमतीनेच व्हायला हवी, आणि संमती देण्याआधी हा हिशेब करा.

गट पॉलिसीच्या हप्त्यावर आजही १८ टक्के जीएसटी आहे. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. तरीही आईवडिलांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर गट पॉलिसी सोडू नका. गट पॉलिसीत जुन्या आजारांना बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं, स्वतंत्र पॉलिसीत त्यासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. हे महिने भरून निघेपर्यंत दोन्ही हप्ते भरणं खिशाला जड जातं, पण साठीनंतरच्या आईवडिलांसाठी आम्ही तोच सल्ला देऊ.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत उत्तर ठाम आहे: वेगळी पॉलिसी घ्या, आणि तब्येत चांगली आहे तोवर घ्या. गट पॉलिसी नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. पन्नाशीत नोकरी गेली आणि त्याच सुमारास साखर निघाली, तर नवी पॉलिसी महाग मिळेल किंवा मिळणारच नाही. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मुभा असते आणि गट पॉलिसीतली वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात. मात्र अर्ज शेवटच्या दिवसाच्या आधी करायचा. राजीनाम्याच्या धावपळीत हे हमखास राहून जातं.

कंपनीचे पाच लाख खालचा थर मानून त्यावर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचं बिल भरणारी पूरक पॉलिसी) घेतलं तर कमी हप्त्यात मोठं संरक्षण होतं. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गफलत करू नका. साध्या टॉप-अपमध्ये पाच लाखांची पायरी प्रत्येक बिलाला वेगळी ओलांडावी लागते. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातली बिलं एकत्र धरतात. तीन लाखांची दोन बिलं झाली तर साध्या टॉप-अपमध्ये काहीच मिळणार नाही, सुपर टॉप-अपमध्ये वरचा एक लाख मिळेल. नोकरी गेली की खालचे पाच लाख तुमच्या खिशातून जातील, म्हणून निदान तीन-पाच लाखांची स्वतःची मूळ पॉलिसी असावीच.

कंपनीची पॉलिसी हातात घेऊन खोलीभाड्याची मर्यादा तेवढी शोधा. 'विमा रकमेच्या १ टक्का' असं असेल तर पाच लाखांवर रोजचे ५,००० होतात. समजा ८,००० ची खोली घेतली आणि चार दिवस राहिलात. खोलीतले १२,००० रुपये तुमच्या अंगावर येतातच, शिवाय शस्त्रक्रिया, शस्त्रक्रियागृह, डॉक्टर, परिचारिका यांचं बिलही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच अष्टमांश, मंजूर होतं. हे बिल १,६०,००० असेल तर १,००,००० मिळतील आणि ६०,००० कापले जातील. रोजच्या तीन हजारांच्या चैनीची किंमत ७२,००० झाली. औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग), तपासण्या आणि आयसीयू यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आणि खोलीनुसार दर बदलत नसलेल्या रुग्णालयातही ती लावता येत नाही. लावली असेल तर भांडा.

प्रश्न: आई ७२ वर्षांची, कराडला राहते. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. तिच्या पॉलिसीचा हप्ता वाढत चालला आहे. धाकटा म्हणतो, शेती ज्याच्याकडे त्याने भरावा. थोरल्या वहिनी म्हणतात, लग्न झालेल्या मुलीचा यात काय संबंध. कायदा काय सांगतो?

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्यानुसार ऐपत असलेला मुलगा आणि मुलगी दोघेही जबाबदार आहेत. लग्नाने मुलीची जबाबदारी संपत नाही. या कायद्यातल्या 'चरितार्थ' शब्दात वैद्यकीय उपचार येतात. वेळ आलीच तर आई प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते, तिथे वकिलाची गरज नसते. पण तुमच्या पत्रावरून तिथवर जायची वेळ आलेली दिसत नाही. भांडण हप्त्यावरून आहे, आणि तो भार कमी करता येतो.

पहिलं काम आयुष्मान वय वंदना कार्डाचं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत विनामूल्य आहेत. जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ नाही. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड निघतं. केंद्रीय कर्मचारी किंवा माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेतल्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. घरात ७० वर्षांवरचे दोघे असतील तर हे पाच लाख दोघांत मिळून असतात.

कार्डासाठी आधार पुरतं. मोबाइलवरचं आयुष्मान ॲप किंवा गावातलं आपले सरकार केंद्र, कुठेही निघतं. अडचण येते ती आधारावरच्या वयाची. बऱ्याच आज्यांच्या आधारावर जन्मतारीख अंदाजाने टाकलेली असते, आणि प्रत्यक्षात ७३ असलेली बाई कागदावर ६८ निघते. अशा वेळी आधी आधार केंद्रावर दुरुस्ती करा. दुसरी अडचण बोटांच्या ठशांची. शेतात काम केलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा चेहरा किंवा मोबाइलवरचा ओटीपी वापरून ओळख पटवा. त्यासाठी आधाराला चालू नंबर जोडलेला हवा, आणि तो आईच्या हाताशी असलेल्या फोनचा हवा, पुण्यातल्या मुलाचा नको.

कार्ड हातात आलं की जुनी पॉलिसी बंद करायची का? आमचं मत: लगेच नाही. कराड-साताऱ्यातली कोणती रुग्णालयं योजनेत आहेत आणि आईला लागू शकणाऱ्या विभागांसाठी, म्हणजे हृदय, डोळे, गुडघे, मूत्रपिंड यांसाठी आहेत का, ते १४५५५ या क्रमांकावर विचारून खात्री करा. ती झाली तर खासगी पॉलिसीची रक्कम कमी करून हप्ता उतरवता येईल. पॉलिसीत २० टक्के सहहिस्सा असेल तर २,४०,००० च्या बिलात तुमचे ४८,००० जाणारच आहेत, हेही मोजा. हप्ता एकदम फुगला असेल तर लक्षात ठेवा: ३० जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. वाढ त्याहून मोठी असेल तर कंपनीकडे लेखी कारण मागा.

वाटणीबद्दल आमची सूचना अशी. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्या भावंडाने हप्ता स्वतःच्या खात्यातून भरावा. ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट त्यालाच मिळते. रोखीने भरलेल्या हप्त्याला ती नाही, आणि सुनेने सासूचा हप्ता भरला तर सुनेलाही नाही. उरलेल्या दोघांनी दरमहा ठरलेली रक्कम आईच्या नावाच्या खात्यात टाकावी. गोळ्या, तपासण्या, चष्मा, कवळी हा खर्च त्यातून करावा. कोणताच विमा हा रोजचा खर्च पुरता भरत नाही आणि घराघरांतली खरी कुरकुर त्यावरूनच होते.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरला वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं. पण रुग्णालयाने आधी ४०,००० अनामत घेतली आणि इम्प्लांट बाहेरून आणायला लावलं. आमचं रेशन कार्ड पांढरं आहे, म्हणून असं केलं का?

पांढऱ्या कार्डाचा आता संबंध नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना, वर्षाला पाच लाखांपर्यंत, लागू आहे. हप्त्याची जबाबदारी सरकारने घेतली आहे. रुग्णाने काहीच भरायचं नाही.

मंजूर पॅकेजमध्ये खाट, डॉक्टरांची फी, भूल, शस्त्रक्रियागृह, तपासण्या, औषधं, रक्त, इम्प्लांट आणि रुग्णाचं जेवण धरलेलं असतं. घरी जाण्याचं एका वेळचं एसटी भाडं आणि घरी गेल्यावरच्या दहा दिवसांतली गुंतागुंतही त्यातच येते. म्हणून इम्प्लांटचे पैसे मागणं नियमाला धरून नव्हतं. त्याला एकच अपवाद संभवतो: 'आम्हाला पॅकेजबाहेरचं महागडं इम्प्लांट हवं' अशा कागदावर तुमची सही घेतली असेल तर रुग्णालय त्याचा आधार घेईल. तो कागद होता का, आठवून बघा.

डिस्चार्ज कार्ड, अनामतीची पावती, इम्प्लांटचं बिल आणि त्यावरचं स्टिकर घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या प्रतिनिधीकडे, लेखी तक्रार द्या, आणि त्याच दिवशी १५५३८८ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. पावती न देता पैसे घेतले असतील तर यूपीआयची नोंद किंवा बँकेचा उतारा चालेल. रोख आणि बिनपावतीचे पैसे परत मिळवणं फार कठीण जातं. म्हणून हे वाचणाऱ्या इतरांना सांगतो: भरती होण्याआधी आरोग्यमित्राला शोधा, आधार आणि रेशन कार्ड दाखवून नोंदणी क्रमांक घ्या, आणि पूर्वमंजुरी आली का हे रोज विचारा. तातडीने भरती करावं लागलं तर फोनवरून तात्पुरती मंजुरी घेण्याची सोय आहे. आधी पैसे भरून उपचार झाले आणि मग योजनेची आठवण आली, तर या योजनेतून भरपाई मिळत नाही.

रुग्णालय योजनेत नसेल पण धर्मादाय असेल तर वेगळा दरवाजा आहे. सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१ कक कलमाखाली धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला हातात नसला तरी तातडीच्या रुग्णाला दाखल करून घेणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.

प्रश्न: मुळात माणसाने विमा विकत का घ्यावा? सरकारने सरळ दवाखाने चालवावेत. तुमचं मत स्पष्ट लिहा. (अमरावती)

स्पष्ट लिहितो. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांविना राहू नये, ही भूमिका देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच मांडली होती. ती आजही योग्य आहे आणि तिची पहिली जबाबदारी शासनाची आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय आरोग्य लेखा (आरोग्यावरच्या खर्चाचा हिशेब) पाहिला तर २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के भाग लोकांच्या खिशातून जात होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. पण शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजूनही आजारी माणूसच ऐन आजारपणात मोजतो.

'हप्ता कोणी भरायचा' या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे: एका भांड्यात कोणाकोणाचे पैसे एकत्र येतात? ईएसआयमध्ये वर्गणी पगारावर ठरते. पंचविशीतला धडधाकट वेल्डर आणि छप्पन्न वर्षांचा मधुमेही सुपरवायझर यांचा पगार सारखा असेल तर वर्गणीही सारखीच. खासगी पॉलिसीत हप्ता वयावर आणि आजारावर ठरतो, म्हणजे निवृत्तीनंतर उत्पन्न आटतं त्याच काळात तो सर्वांत जास्त होतो. जर्मनीत सार्वजनिक विम्याची मूळ वर्गणी वेतनाच्या १४.६ टक्के आहे, मालक आणि कामगार ती निम्मी-निम्मी भरतात, आणि तिचा आजाराशी संबंध नाही. तिथे नोकरीला गेलेल्या मराठी मुलांना पहिल्या पगारात ही कपात बघून धक्का बसतो. पण बाळंतपण असो की कर्करोग, वर्गणी त्यामुळे वाढत नाही.

आमची भूमिका तीन गोष्टींत सांगता येईल. ईएसआयची २१,००० ची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून हललेली नाही, पगार मात्र वाढले. ती वाढवली पाहिजे, म्हणजे मालकाचा वाटा पुन्हा जास्त कामगारांपर्यंत पोचेल. सरकारी योजनांनी भरतीपुरतं न थांबता रोजच्या गोळ्यांचा भार उचलला पाहिजे. रक्तदाबाची गोळी परवडत नाही म्हणून बंद केलेला माणूस पुढे पक्षाघाताच्या पॅकेजवर त्याच सरकारला कितीतरी महाग पडतो. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली रिकामी पदं भरली पाहिजेत, कारण विम्याचं कार्ड डॉक्टर निर्माण करत नाही. हे होईपर्यंत ज्याला शक्य आहे त्याने विमा घ्यावा. सरकारवर दबाव ठेवणं आणि घरची सोय करणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं.

प्रश्न: कोल्हापूर. डॉक्टरांनी सकाळी दहाला सोडलं, विमा कंपनीची मंजुरी रात्री नऊला आली. रुग्णालयाने एका दिवसाचं भाडं जास्त लावलं, शिवाय किट, हाउसकीपिंग, फाइल असे ११,३०० रुपये भरून घेतले. हे कोणी भरायचं होतं?

नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची (बिल कंपनीने परस्पर रुग्णालयाला देण्याची) पहिली मंजुरी एका तासात आणि सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. तीन तासांपुढे गेलं तर रुग्णालय लावील तो जादा आकार विमा कंपनीने सोसायचा, तोही भागधारकांच्या पैशातून. पण हे तीन तास रुग्णालयाने अंतिम बिल पाठवल्यापासून मोजतात, डॉक्टर 'जा' म्हणाले तेव्हापासून नाही. बिलिंग विभागाने ते चार वाजता पाठवलं असेल तर मुदत सातला संपली. म्हणून विमा काउंटरवरून बिल पाठवल्याच्या ईमेलची प्रत मागा. बिल दहालाच गेलं असेल तर दोषी विमा कंपनी, चारला गेलं असेल तर आधीचे सहा तास रुग्णालयाचे.

अकरा हजारांचं बिल ओळीओळीने बघा. फाइल उघडण्याचा आकार, हाउसकीपिंग, कागदपत्रांचा आकार, इंजेक्शन देण्याचा आकार हे नियामकाच्या यादीत खोलीभाड्यात समाविष्ट धरलेले आहेत. विमा कंपनी ते कापते, आणि रुग्णालय तेच तुमच्याकडून पुन्हा घेतं. ते रुग्णालयाकडून परत मागा. डायपर, क्रेप बँडेज, मिनरल वॉटर अशा ६८ वस्तू खरोखरच रुग्णाच्या माथी येतात, पॉलिसीत त्यासाठी वेगळा रायडर, म्हणजे जोड-संरक्षण, घेतला नसेल तर. 'किट' हा शब्द मात्र फसवा आहे. तपशील न दिलेलं कोणतंही किट याच यादीत आहे. रुग्णालयाने आतल्या वस्तू सुट्या लिहून दिल्या तर त्यांतल्या कितीतरी मंजूर होतात. तसं बिल मागून पुन्हा दावा पाठवा.

कंपनीने एका महिन्यात समाधान केलं नाही तर पुणे किंवा मुंबईच्या विमा लोकपालाकडे जा. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या अखेरच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा.

प्रश्न: आम्ही सिंधुदुर्गाचे, फोंड्याला स्थायिक होऊन तीन वर्षं झाली. गोव्याची दीनदयाळ योजना आम्हाला मिळेल का?

अजून नाही. त्या योजनेला गोव्यात पाच वर्षं वास्तव्य लागतं. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांना चार लाख मिळतात. तोवर सिंधुदुर्गातलं रेशन कार्ड चालू असेल तर महाराष्ट्राच्या योजनेचं कार्ड काढून ठेवा. ते कार्ड बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात चालतं का, याची खात्री गरज पडण्याआधी १५५३८८ वर करून घ्या.

प्रश्न: घरी अकरा वर्षं एकच बाई कामाला येतात. त्यांच्या आरोग्याच्या खर्चाची काही जबाबदारी आमच्यावर आहे का? (पुणे)

ईएसआय साधारण दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते, त्यामुळे तुमच्यावर ती कायदेशीर जबाबदारी नाही. पण अकरा वर्षं तुमच्या घराचा रगाडा उपसणाऱ्या बाईंबद्दल तुम्ही हा प्रश्न विचारला, याचा आम्हाला आनंद आहे, आणि नैतिक जबाबदारी आहे असंच आम्ही मानतो.

त्यांच्यासाठी महागडी पॉलिसी काढण्याआधी त्यांचं आयुष्मान-महात्मा फुले कार्ड निघालं आहे का ते बघा. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारावरचं नाव जुळत नसल्यामुळे बायकांची कार्डं अडतात. एकीकडे माहेरचं आडनाव असतं, दुसरीकडे सासरचं. एक दिवस पगारी सुट्टी देऊन त्यांना केंद्रावर पाठवा, शक्य असेल तर सोबत जा. त्यांच्या बँक खात्यावर पंतप्रधान सुरक्षा विमा सुरू करा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती मृत्यू व अपंगत्व संरक्षण मिळतं, वय १८ ते ७० लागतं. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप जातो, तेव्हा त्या सुमारास खात्यात तेवढे पैसे आहेत ना, ते विचारा.

आजारपणाची सुट्टी भरपगारी ठेवा आणि ते आधीच सांगून ठेवा. योजनेत मोफत ऑपरेशन झालं तरी पुढचे सहा आठवडे चार घरांची कामं बुडतात, आणि त्या भीतीने बायका गर्भाशयाचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन वर्षानुवर्षं लांबवतात. बाकीच्या तीन घरांशीही बोलून घ्या. चौघांनी मिळून त्या सहा आठवड्यांचा पगार चालू ठेवला तर प्रत्येक घराच्या वाट्याला आपल्या नेहमीच्या दीड महिन्याच्या पगाराइतकाच खर्च येतो.